अमोनिया लाइनचे स्टड बदलताना : बुटीबोरीच्या कामाच्या नोंदी

काम थोडक्यात : बुटीबोरी एमआयडीसीतला फळांचा गर गोठवणारा प्लँट. अमोनियाची दोन टप्प्यांची यंत्रणा, ब्लास्ट फ्रीझरसाठी बाष्पीभवन उणे ४० अंश सेल्सिअसला. थंड बाजूच्या सक्शन लाइनवरचे (कॉम्प्रेसरकडे थंड वाफ नेणाऱ्या पाइपवरचे) सगळे फ्लँज स्टड, म्हणजे पाइपांचे जोड नटांनी आवळून धरणारे आटेदार दांडे, बदलायचे. मृग बहाराची संत्री संपल्यावर गोठवणीचा भाग २० मेपर्यंत बंद ठेवायचं शेठनी कबूल केलं होतं. मी कंत्राटदार, हाताखाली तीन पोरं आणि एक जुने फिटर. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

७ एप्रिल २०२५

लाइन रिकामी करून, नायट्रोजनने धुऊन आज पफ (पाइपावरचा फोमचा थर) फोडायला सुरुवात केली. पहिल्याच फ्लँजवर डोक्याला हात लावला. बाष्परोधक थर कधीतरी फाटला असणार. आत बर्फ, पाणी, बर्फ असं वर्षानुवर्षं चाललेलं. काही स्टड मधोमध गाजरासारखे निमुळते झालेत.

त्याहून वाईट म्हणजे खिचडी. एकाच सहा इंची फ्लँजवर बारापैकी सात बी७ (स्टडची नेहमीची प्रत), तीन ८.८ प्रतीचे षटकोनी बोल्ट आणि दोन साधे, शिक्का नसलेले. कधीतरी रात्री गळती झाली असेल, हाताला लागलं ते लावलं असेल. मामांना विचारलं तर म्हणाले, "काहून जी, इतके दिवस चाललेच नं? बोल्टाले का हिव वाजते का?"

हिव वाजतं, मामा. पोलाद थंडीत ताणायच्या ऐवजी तुटायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही, आणि नेमका पान्याचा झटका बसला की काचेसारखं जातं.

८ एप्रिल

मोजणी. सहा इंची, ३०० क्लासचे (हा दाबाचा वर्ग) १४ जोड, प्रत्येकी १२ स्टड. चार इंचीचे ९ जोड, प्रत्येकी ८. दोन्हीला पाऊण इंचीच स्टड लागतात, फक्त लांबी वेगळी : १२० आणि ११५ मिमी. म्हणजे १६८ आणि ७२, एकूण २४०. शिवाय ड्रेनच्या दोन इंची लाइनचे ६ जोड, त्यांना पाच-अष्टमांश इंची, ९० मिमीचे ४८. (तोंडी सांगितलं तर मामा एक म्हणतात, दुकानदार काहीतरी दुसरंच ऐकतो. कागदावर आकड्यातच लिहा.) पाच टक्के जास्तीचे धरून पाऊण इंची २५२ आणि लहान ५०.

मोजणी ड्रॉइंगवरून केली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ८ मेला लागेल.

९ एप्रिल

डिझाइनच्या कागदावर स्टड ए३२० एल७ (कडक थंडीसाठीची प्रत), नट त्याच्याच जोडीचे ए१९४ ग्रेड ७एल. मी पुण्याच्या डिझाइनवाल्या सरांना फोन लावून वाद घातला. बी३१.३ या पाइपिंगच्या कोडमधल्या तक्त्यात अडीच इंचापर्यंतचा बी७ उणे ४८ पर्यंत चालतो. आपली लाइन उणे ४०. मग दुप्पट पैसे कशाला? शेठचे पैसे वाचवल्याचा थोडा माजही होता.

सरांनी शांतपणे विचारलं, "लोड कमी असताना लो स्टेज कॉम्प्रेसर किती खाली ओढतो?" लॉगबुक काढलं. एलपी कटआउट (सक्शनचा दाब फार उतरला की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) मागच्या वर्षी दोनदा अडकला होता. सक्शन ०.४ बार निरपेक्ष दाबापर्यंत गेल्याची नोंद सापडली. अमोनियाला तो दाब म्हणजे उणे ५०.

मी म्हटलं, मग फ्लँजचं काय? त्यांच्या ए३५० एलएफ२ पोलादाची चाचणीसुद्धा उणे ४६ लाच होते, आणि ए३३३ ग्रेड ६ च्या पाइपची उणे ४५ ला. तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मला या अख्ख्या कामात सगळ्यात मोलाची वाटली. लाइन निर्वातात असते तेव्हा पाइपात आणि फ्लँजात ताण नसल्यासारखाच असतो. एवढ्या कमी ताणाला कोड आणखी खालच्या तापमानाची सूट देतो. पण स्टडला ती सूट लागू नाही, कारण लाइनमध्ये दाब असो वा नसो, आपण पान्याने आवळून ठेवलेला ताण त्याच्यात तसाच असतो. पाइप विसावतो, स्टड विसावत नाही.

शेठनी मध्येच विचारलं, स्टेनलेस का नाही? बी८ क्लास १ थंडीला उत्तम, उणे १९६ लाही ठिसूळ होत नाही. पण त्याची यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं लांबायला लागतं तो) जेमतेम २०५ एमपीए, एल७ ची ७२५. शिवाय स्टेनलेस जास्त आकसतं. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात आवळलेला स्टेनलेस स्टड उणे ४० ला गेला की कार्बन स्टीलच्या फ्लँजपेक्षा जास्त आखडतो आणि स्वतःवर आणखी ७०-८० एमपीए ओढून घेतो. आधीच कमी यील्ड, तो लांबतो. डिफ्रॉस्टला लाइन गरम झाली की सैल. एल७ कार्बन फ्लँजबरोबर जवळजवळ सारखाच आकसतो. विषय संपला.

११ एप्रिल

दरपत्रकं. मुंबईच्या खेतवाडीतल्या साठेदाराने पाऊण इंची एल७ ला दोन नटांसह २७० सांगितले. इथल्या एका दुकानदाराने १५५. "माल तयार आहे भाऊ, चार दिवसांत देतो, सर्टिफिकेटसकट." बी७ चाच भाव आमच्याकडे शंभर-सव्वाशे चालतो, तेव्हा १५५ ला एल७ कसा येईल हा प्रश्न मनात आला होता. मी तो दाबला. ऑर्डर दिली. पाऊण इंची १५५, लहान ९५, जीएसटी धरून ५१,६९६ रुपये.

१६ एप्रिल

१४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, म्हणून माल आज आला. स्टडच्या टोकावर एल७ चा शिक्का, काळे, तेलकट, आटे स्वच्छ. चलनावर सही केली.

सही केल्यानंतर नट उचलून बघितला. शिक्का २एच. मागवला होता ७एल. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "२एच भारी असते नं, सगळे तेच लावते." भारी असेल, पण त्याची थंडीतली मर्यादाही उणे ४८ च. खरं तर गाडी तिथेच परत पाठवायला हवी होती. जो माणूस एल७ बरोबर २एच देतो, त्याने स्टड तरी कशावरून बघितला असेल?

सर्टिफिकेटवर रसायन बरोबर, ताकद बरोबर. चार्पीच्या (तुकडा घणाने तोडून चिवटपणा मोजायच्या चाचणीच्या) रकान्यात ५४, ५६, ५२ ज्यूल. झकास आकडे. पण चाचणीच्या तापमानाचा रकाना कोरा.

१७ एप्रिल

आजचा मूर्खपणा सविस्तर लिहितो, कारण हा इतरांकडूनही होताना बघितलाय.

शंका आली म्हणून पीएमआयची गन (पोलादात काय काय मिसळलंय ते ओळखणारं यंत्र) भाड्याने आणली. ७,००० रुपये दिवसाचे, माणसासकट. वीस स्टडवर मारली. क्रोमियम बरोबर, मॉलिब्डेनम बरोबर, मँगनीज बरोबर. पोरं खूश, प्लँटचे साहेब खूश, मीही दहा मिनिटं खूश.

मग चहा पिताना डोक्यात आलं की बी७ आणि एल७ दोन्ही ४१४० च. तेच क्रोम-मॉली पोलाद, तेच पाणी देणं आणि टेंपर करणं, ताकदही तीच. गनने बी७ ला एल७ म्हटलं तर ती खोटं बोलत नाही, तिला दोघांतला फरक कळूच शकत नाही. कडकपणा मोजून बघितला, तोही दोघांचा सारखाच निघतो. फरक एकच : एल७ च्या त्या हीटमधले (भट्टीच्या एका घाण्यातले) तुकडे उणे १०१ ला गार करून घणाखाली तोडलेले असतात आणि तिघांची सरासरी किमान २७ ज्यूल, एकही २० च्या खाली नाही, असं निघालेलं असतं. ही चाचणी झालीच नसेल तर बी७ वर एल७ चा शिक्का मारायला एक हातोडी पुरते.

सात हजार गेले. गन चालवणाऱ्या पोराला हे ठाऊक होतं का, विचारायचं राहूनच गेलं.

१९ एप्रिल

भिंगाखाली शिक्के बघितले. काही स्टडवर "एल" सरळ, काहींवर तिरपा, हीट नंबर मात्र सगळ्यांवर एकच. हाताने मारलेला दिसतोय.

हिंगण्याच्या लॅबमध्ये गेलो. त्यांच्याकडे कोरड्या बर्फाचा आणि अॅसिटोनचा हौद, म्हणजे उणे सत्तरच्या आसपास. उणे १०१ ला द्रव नायट्रोजन लागतो आणि ती सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुण्याला पाठवा. आभार मानून निघालो. "करून देतो" म्हणाले असते तर आणखी एक कोरा रकाना पदरात पडला असता.

नमुन्याचा हिशोब : चार्पीचा तुकडा १० × १० × ५५ मिमी. पाऊण इंची स्टडचा आट्याच्या तळाचा व्यास पावणेसोळा मिमीच्या आसपास, त्यातून १० चा चौकोन जेमतेम निघतो. १२० मिमीच्या एका स्टडमधून दोन तुकडे, म्हणजे तीन तुकड्यांना दोन स्टड. पाच-अष्टमांशातून पूर्ण मापाचा निघतच नाही, ७.५ चा करावा लागतो. दोन पाऊण इंची कुरिअरने पाठवले. ६,५०० रुपये.

२० ते २५ एप्रिल

वाट बघणं. पोरांना उरलेला पफ काढायला, फ्लँजची तोंडं घासायला लावलं. उन्हामुळे काम सकाळी साडेपाच ते दहा.

२६ एप्रिल

निकाल. १४, ११, १७ ज्यूल.

तुटलेल्या तुकड्यांचे फोटोही आले. तुटलेलं तोंड सपाट, चकचकीत, खडीसाखरेसारखं. चांगला तुकडा कडेने ओढला जातो, करडा आणि तंतुमय दिसतो. फोटो मामांना दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तं बत्ताशासारखं तुटलं."

२८ एप्रिल

दुकानदाराशी दोन तास. आधी लॅब खोटी, मग मीच चुकीचे स्टड पाठवले, मग "मलाही मागून असंच आलं." शेवटचं खरं असावं असं मला वाटतं, कारण त्याला बी७ आणि एल७ मधला फरक खरंच माहीत नव्हता. पाच वर्षांचा संबंध, आरडाओरडा केला नाही. माल परत घेऊन ४१,००० दिले. बाकीचे १०,६९६ मी सोडले, कारण तापमानाचा रकाना न बघता आगाऊ पैसे देणारा मीच होतो.

२९ एप्रिल

खेतवाडीला ऑर्डर, तोच २७० चा भाव, लहान १६५ ला. जीएसटीसह ९०,०२२. या वेळी ऑर्डरमध्ये शब्दाला शब्द असं लिहिलं :

स्टड ए३२० एल७, चार्पी उणे १०१ ला, तिन्ही आकडे आणि तापमान सर्टिफिकेटवर छापलेलं हवं. नट ए१९४ ग्रेड ७एल, त्यांचं सर्टिफिकेट वेगळं. ३.१ सर्टिफिकेट (बनवणाऱ्याचं तपासणीचं), त्यावरचा हीट नंबर आणि स्टडवरचा एकच. जस्ताचा मुलामा नको, अमोनियाच्या ओलाव्यात जस्त टिकत नाही. माल निघायच्या आधी आमच्या लॅबचा माणूस गोदामातून हाताला येतील ते दोन स्टड उचलेल, निकाल आल्यावरच पैसे.

शेवटच्या अटीवर समोरचा माणूस जरासुद्धा अडखळला नाही. "उचला साहेब." तेव्हाच अर्धा जीव भांड्यात पडला.

३० एप्रिल ते ६ मे

अक्षय तृतीया, मग महाराष्ट्र दिन. दोन दिवस गाड्याच नाहीत. ५ तारखेला निकाल : ४८, ५३, ४४ ज्यूल, उणे १०१ ला. (पुन्हा ६,५००. हा खर्च मी वाया गेलेला धरत नाही.) ६ ला संध्याकाळी वाडीच्या ट्रान्सपोर्टमधून पेट्या उचलल्या. प्रत्येक स्टडचं टोक बघून मगच चलनावर सही केली. ट्रान्सपोर्टवाला वैतागला. वैतागू दे.

८ मे

लावायला सुरुवात, आणि सकाळी नऊच्या आत नवी फजिती. रिसीव्हरकडच्या दोन ठिकाणी चेक वॉल्व्ह वेफर पद्धतीचे निघाले. त्यांना स्वतःचे फ्लँज नसतात, दोन फ्लँजांच्या मध्ये सँडविचसारखे बसतात आणि एकच लांब स्टड आरपार जातो. ड्रॉइंगवर साधे फ्लँजवाले दाखवलेत. मी चार जोडांना मिळून ४८ आखूड स्टड मोजले होते, लागणार होते २४ लांब.

टेप लावला. वॉल्व्ह जवळपास १०० मिमी जाड, दोन्ही बाजूंना गॅस्केट, म्हणजे २२५ मिमीचा स्टड. खेतवाडीला पुन्हा फोन. त्यांच्याकडे त्याच हीटचा लांब बार शिल्लक होता हे माझं नशीब. २६ नग, ४३० प्रमाणे, जीएसटीसह १३,१९२. चार दिवस त्या दोन जागा सोडून बाकीचं काम केलं.

ते ४८ आखूड स्टड गोदामात पडलेत. जीएसटीसह १५,२९३ रुपयांचा तो ढीग. उघड्या लाइनजवळ टेप घेऊन अर्धा तास फिरलो असतो तर वाचला असता.

९ ते १२ मे

आवळण्याबद्दल. जुने गॅस्केट सगळे फेकले, नवे स्पायरल वाउंड. आट्यांना आणि नटाच्या बसणाऱ्या तोंडाला मॉलीची पेस्ट. पाऊण इंची स्टडला आम्ही २०० न्यूटन-मीटर ठरवला, पेस्ट लावून. त्यात स्टडच्या यील्डच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास ताण येतो. पेस्ट न लावता तेवढाच टॉर्क दिला तर ताण बराच कमी येतो, म्हणून आमचा आकडा कोरड्या स्टडला उचलू नका. आधी ६०, मग १३०, मग २००, समोरासमोर उड्या मारत, आणि शेवटी एक फेरी सरळ गोल.

मामांचा या टॉर्क रेंचवर विश्वास नाही. त्यांचा पाना, त्याला दोन फुटी पाइप आणि "हात सांगते". मी एक जोड त्यांना त्यांच्या पद्धतीने आवळू दिला आणि मग रेंच लावून बघितला. बारापैकी आठ ठीक, तीन सैल, एक २९० च्या वर. मामा काही बोलले नाहीत, पण पुढच्या जोडाला रेंच स्वतःहून मागितला. आठ बरोबर येणं हीसुद्धा गंमत नाही, माझे चार आले नसते.

एका स्टडचा नट अर्ध्यावर अडकला. आट्यात वाळूचा कण. जोर न लावता उलटा काढला, ब्रशने साफ केला, लागला. एका पोराने तसाच रेटून दुसऱ्याचे आटे घालवले. जास्तीच्यातला एक गेला.

१४ मे

लांब स्टड आले, बसले. प्रत्येक नटाबाहेर दोन-दोन आटे दिसतायत का ते रंगाच्या खुणेने तपासलं.

१५ मे

नायट्रोजन भरला. ३ बारवर साबणपाणी : चार इंचीच्या एका जोडाला बुडबुडे. आवळून थांबेना. उघडला, तर फ्लँजच्या तोंडावर आडवी चीर, आमच्याच स्क्रेपरची. तोंड हाताने घासून नवा गॅस्केट. मग पूर्ण चाचणी दाबाला पकडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घट्ट, तापमानाच्या फरकाएवढाच काटा हललेला.

थंड बाजूला गळती शोधायची ती आताच, हे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी लिहितो. उणे ४० ला अमोनियाचा दाब ०.७२ बार निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी. चालू प्लँटमध्ये सैल फ्लँजमधून अमोनिया बाहेर येत नाही, हवा आत जाते. वास येत नाही, कुणाला कळत नाही, फक्त हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा दाब) चढत राहतं आणि ऑपरेटर कंडेन्सरला शिव्या घालत बसतो. इथे गेली दोन वर्षं बहुतेक हेच चाललं होतं.

१७ ते १९ मे

निर्वात केलं, धरून ठेवलं, अमोनिया सोडला. हळूहळू खाली, घाई नाही. उणे ४० ला सहा तास. थंड असताना स्टडला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. पुन्हा गरम होऊन सामान्य तापमानाला आल्यावर प्रत्येक जोडाच्या दोन स्टडवर रेंच लावून बघितला. हलले नाहीत.

एलपी कटआउट नवा बसवला. तो अडकला नसता तर बी७ वर भागलं असतं का, हा प्रश्न शेठनी विचारला. कागदावर, हो. पण कटआउट अडकणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नव्हतो, आणि तीच हमी स्टडकडून विकत घेणं स्वस्त पडलं.

२४ मे

बाष्परोधक थर आणि पफ पूर्ण. हेड प्रेशर आधीपेक्षा जवळजवळ एक बारने खाली, तेवढ्याच लोडला. ऑपरेटरने कंडेन्सरची माफी मागितल्याचं अजून कळलं नाही.

टाळता आला असता असा खर्च : पहिल्या मालात बुडालेले १०,६९६, गनचे ७,०००, पहिल्या चार्पीचे ६,५००, गोदामातले आखूड स्टड १५,२९३. एकूण ३९,४८९. दिवस वीसेक. हे शेठच्या बिलात लावले नाहीत.

उरलेल्या स्टडची पेटी साहेबांच्या कपाटात कुलपात ठेवली, टोकांना पिवळा रंग, आत सर्टिफिकेटची प्रत. कपाटाची दुसरी किल्ली मामांनी मागून घेतली. रात्री गळती झाली तर काय करायचं विचारलं, तर म्हणाले, "पिवळाच लावीन जी. दुसरा लावला तं तुमी मले तो बत्ताशा दाखवसान."